अक्रोडाखाली निवा

किल्ली फिरवली.
काहीच नाही.
टक् नाही, घरघर नाही,
एकाही काट्याने मान वर केली नाही.

सहा वर्षं ही इथे उभी आहे, अक्रोडाखाली.
सहा वर्षं मी इटलीत, बारीला, तिसऱ्या मजल्यावर,
सिन्योरा इमाकोलाताच्या पलंगाशी.
दर दोन तासांनी तिची कूस बदलायची,
रात्रीसुद्धा, गजर लावून,
नाहीतर टाचा लाल होतात, मग काळ्या.
हिची कूस कुणी बदलली नाही.
टायर खालून चपटे झालेत.
बॉनेट उघडलं, तर स्टेपनीच्या पोटात उंदरांचं घर:
गवत, सीटचा स्पंज,
आणि माझ्याच नोंदवहीचं एक पान,
कुणाचं तरी ब्लडप्रेशर, वरचा आकडा एकशे सत्तर,
खालचा कुरतडलेला.

जुंबेर आला तो ट्रॅक्टरची बॅटरी छातीशी धरून,
बाळाला चर्चमध्ये नेतात तशी.
"संध्याकाळी परत हवी," म्हणाला.
कशी आहेस, ते त्यानंतर.

बॅटरी जोडली. हेडलाइट लख्ख.
कोंबड्या दचकल्या.
किल्ली फिरवली.
दिवे तसेच लख्ख, त्यांची पापणीही लवली नाही.
बाकी शांतता, आणि लांब खाली रिओनीचं पाणी.

मी म्हटलं, स्टार्टर गेला.
तो म्हणाला, नर्स ना तू?
नाडी न बघता गेला म्हणतेस?

मग चारही प्लग काढले,
भोकांत चमचा चमचा तेल सोडलं.
ते मुरेपर्यंत आमच्याही घशात
थोडी द्राक्षाची.
बंपरच्या छिद्रातून हँडल आत घातलं.
पहिल्या जोराला माझाच खांदा वाजला.
दुसऱ्याला आत काहीतरी सरकलं,
जड, चिकट, नाखूश,
पण सरकलं.
"जाम नाही झालेलं," जुंबेर म्हणाला,
आणि मला उगाच रडू येऊ लागलं
म्हणून मी कोंबड्या हाकलल्या.

तो गाडीखाली शिरला.
बाहेर फक्त बूट,
एकाला लेस, दुसऱ्याला सुतळी.
बऱ्याच वेळाने खालून आवाज:
"अर्थ मिळत नाहीये, त्सियाला."
काय?
"इंजिनाला. बॉडीशी जोडणारी विणलेली पट्टी असते ना,
तिचा हिरवा भुगा झालाय.
करंट जायला तयार आहे गं.
परत यायला वाट नाही."

मी बोलले नाही काही.
महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवत होते मी.
छपरावर नवा पत्रा आला.
मुलाचं लग्न झालं, त्यात चार कोकरं कापली.
माझ्याकडे कागद नव्हते.
लग्न मी फोनवर पाहिलं, आवाज बंद करून,
सिन्योरा झोपली होती.

जंपर केबलचा काळा चिमटा
जुंबेरने सरळ इंजिनाच्या कानाला लावला.
"मार."
हिची किल्ली डावीकडे असते,
हात आधी उजवीकडे गेला माझा.
मग मारली.

कण्हली ती.
कण्हली, अडली, आणि गरगरली,
चार रिकाम्या भोकांतून तेलाच्या पिचकाऱ्या
थेट जुंबेरच्या टोपीवर.
तो शिव्या देत होता आणि हसत होता,
मला आवाजात काहीच ऐकू येत नव्हतं,
मी किल्ली सोडत नव्हते.

सुरू झालेली नाही अजून.
टाकीतल्या पेट्रोलला जुन्या वार्निशचा वास येतो,
ते उपसायचंय, कार्बोरेटर धुवायचाय,
पट्टी कुटाइसीहून आणायचीय.

पण वरच्या वळणावरच्या घरातून
मक्वाला बाहेर आली होती,
एका कानाने बहिरी, काठी न घेताच.
कुंपणापाशी उभी राहून
ती डाव्या हाताची बाही
वर, कोपरापर्यंत, दुमडू लागली.

ब्लडप्रेशरचं यंत्र तर मी विकून टाकलं होतं, जाताना.

जुंबेर बॅटरीचे नट सोडत होता.
संध्याकाळ झाली होती.